साहेबाचे काळीज, शिपायाचे काळीज

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जा. त्रिशरण-पंचशील होते, बौद्धाचार्य चार शब्द बोलतात आणि मग बाहेर सतरंजीवर बसलेली मंडळी हळूच विचारतात, "काय झालं होतं हो?" उत्तर ठरलेले असते. अटॅक आला. शुगर होती. बी.पी. वाढलं, अर्धांग झाला, मग उठलेच नाहीत. वय विचारावे तर बावन्न, पंचावन्न, फार तर साठ. त्यानंतर जे बोलले जाते ते आम्हाला नेहमी खटकते. कोणी म्हणतो, घेत होते ना ते. कोणी म्हणतो, पथ्य पाळलं नाही. आणि एखादी म्हातारी, जिच्या घरात बावीस प्रतिज्ञांची तसबीर भिंतीवर आहे, तीसुद्धा बोलून जाते, "नशिबाचे भोग, दुसरं काय!" म्हणजे मेला तो मेलाच, वर गुन्हेगारही तोच ठरला.

या विषयावर सर मायकल मार्मट नावाच्या एका डॉक्टरने आपले अवघे आयुष्य घालवले. ते दवाखाना थाटून बसणारे डॉक्टर नव्हेत. एका रोग्याची नाडी पाहण्यापेक्षा हजारो माणसांची नोंद ठेवून कोणत्या थरातली माणसे कशाने आणि केव्हा मरतात, हे तपासणारे ते संशोधक. त्यांचे काम आपल्या लोकांपर्यंत मराठीत फारसे आलेले नाही. म्हणून हा प्रपंच.

मार्मट यांचा जन्म लंडनचा, २६ जानेवारी १९४५ चा. (आपल्या प्रजासत्ताक दिनाची तारीख म्हणून ती आमच्या लक्षात राहिली, एवढेच.) वाढले ऑस्ट्रेलियात, सिडनीत डॉक्टर झाले आणि पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बर्कले येथे जाऊन १९७५ साली पीएच.डी. झाले. तेथे त्यांनी जपानी माणसांचा अभ्यास केला. जपानात राहणाऱ्या जपान्यांना हृदयविकार फार कमी. तेच जपानी हवाई बेटांवर गेले की प्रमाण वाढते, कॅलिफोर्नियात गेले की आणखी वाढते. रक्त तेच, वंश तोच, मग फरक कशाने? अन्नाने, असे कोणीही म्हणेल. पण कॅलिफोर्नियातही ज्या जपान्यांनी आपला समाज, आपली जुनी नातीगोती धरून ठेवली होती, त्यांच्यात हा विकार कमीच राहिला, आणि सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळे हिशेबात धरूनही हा फरक पुसला गेला नाही. रोगाचा संबंध माणूस कोणात आणि कसा राहतो याच्याशीही आहे, ही खूणगाठ तरुण मार्मट यांनी तेथेच बांधली.

मग ते लंडनला परतले आणि व्हाइटहॉलच्या कामात शिरले. व्हाइटहॉल म्हणजे लंडनमधला सरकारी कचेऱ्यांचा रस्ता. आपल्याकडे 'मंत्रालय' म्हटले की जे समजते तेच तिकडे 'व्हाइटहॉल' म्हटले की समजते. स्वातंत्र्यापूर्वी हिंदुस्थानचा कारभार पाहणारे इंडिया ऑफिसही येथेच होते, आणि त्याच्या ग्रंथालयात बाबासाहेबांनी आपल्या प्रबंधासाठी वाचन केले होते. या कचेऱ्यांतल्या ४० ते ६४ वयाच्या सुमारे १८ हजार पुरुष नोकरांची तपासणी १९६७ पासून सुरू झाली. डोनाल्ड रीड आणि जेफ्री रोज या दोघांनी ती सुरू केली होती. मार्मट यांनी तिच्या आकड्यांतून जे बाहेर काढले त्याने आरोग्यशास्त्राची जुनी समजूत उलटीपालटी झाली.

जुनी समजूत काय होती? हृदयविकार हा साहेब लोकांचा रोग. डोक्यावर जबाबदाऱ्या, फायली, बैठका, त्यामुळे बिचाऱ्या साहेबाचे काळीज थकते. शिपायाला कसली काळजी? निरोप पोचवला की सुटला! आपल्याकडेही 'शुगर हा श्रीमंतांचा आजार' असे ऐकत आपण मोठे झालो.

व्हाइटहॉलच्या नोकरांच्या चार पायऱ्या होत्या. सर्वात वर धोरण ठरवणारे अधिकारी, त्याखाली मधले अधिकारी व तज्ज्ञ, त्याखाली कारकून, आणि तळाला निरोपे, दारवान, हमाल. दहा वर्षे या सर्वांच्या मृत्यूची नोंद ठेवली. तळाच्या पायरीवरच्या माणसांचा मृत्युदर सर्वात वरच्या पायरीच्या तिप्पट निघाला, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. म्हणजे साहेबाचे काळीज शाबूत होते, थकत होते ते शिपायाचे.

पण खरी गोम मधल्या पायऱ्यांत आहे. आम्ही स्वतः कारकुनी करतो, त्यामुळे साहजिकच आमची नजर आधी कारकुनांच्या रकान्यावर गेली. कारकून साहेबापेक्षा लवकर मरत होता, शिपायापेक्षा उशिरा. आणि दुसऱ्या पायरीवरचा, बऱ्यापैकी पगाराचा, बऱ्यापैकी शिकलेला अधिकारीसुद्धा सर्वात वरच्या साहेबापेक्षा लवकर मरत होता. यातला कोणी उपाशी नव्हता. सर्वांना कायम नोकरी, सर्वांना निवृत्तिवेतन, सर्वांच्या डोक्यावर छप्पर. केवळ गरिबीने माणूस मरतो असे असते, तर तळाचा एक थर वेगळा पडला असता आणि बाकीचे सारखे राहिले असते. येथे तसे नव्हते. जिना होता, आणि प्रत्येक पायरीवर आयुष्य थोडे थोडे कमी होत गेले होते.

आता सवयींचे बघू, कारण सतरंजीवरच्या मंडळींचा मुद्दा तोच असतो. खालच्या पायऱ्यांवर सिगारेट ओढणारे जास्त होते, हे खरे. पण सिगारेट, रक्तदाब, चरबी, सगळ्यांचा हिशेब एकत्र मांडला तरी त्यातून तफावतीचा निम्म्याहून कमी भागच उलगडला. सिगारेट कधीच न ओढणारा शिपाई सिगारेट न ओढणाऱ्या साहेबापेक्षा लवकर जातच होता. आणखी एक बारीक गोष्ट आढळली. तळाच्या पायरीवरची माणसे उंचीने कमी होती. उंची नोकरीत लागल्यावर घटत नाही. ती ठरते बालपणीच्या ताटावर, आईच्या पोटात असतानाच्या अन्नावर. म्हणजे जो माणूस पन्नाशीत छाती धरून खाली बसला, त्याच्या दुखण्याची सुरुवात तो शाळेत जायच्याही आधी झालेली असू शकते.

दुसरा मुद्दा दवाखान्यांचा. इंग्लंडमध्ये ५ जुलै १९४८ पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. गरीब असो की लॉर्ड, डॉक्टरकडे गेल्यावर खिशात हात घालावा लागत नाही. तरीही हा जिना तेथे उभा राहिला. खालच्यांना उपचार कमी मिळतात म्हणून असे होत असेल का, हेही त्यांनी पुढे तपासले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की हृदयाच्या तपासण्या, शस्त्रक्रिया आणि औषधे देताना गरजेपलीकडे जाऊन वरच्यांना झुकते माप मिळत होते असा पुरावा नाही. दवाखाना सर्वांना सारखा, आजार मात्र सारखा नाही! याचा अर्थ दवाखाना नको असा कोणी काढू नये. आजारी भिक्खू मलमूत्रात पडला होता तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतःच्या हातांनी धुऊन काढले, आणि भिक्खूंनी एकमेकांची शुश्रूषा केलीच पाहिजे असे सांगितले. औषध ही भिक्खूच्या चार मूलभूत गरजांपैकी एक मानलेली आहे. पण त्याच बुद्धांनी कारणाच्या मागचे कारण शोधायलाही शिकवले. 'हे आहे म्हणून ते होते', हा प्रतीत्यसमुत्पाद. मार्मट आणि त्यांचे गुरुस्थानी असलेले जेफ्री रोज यांनीही हीच वाट धरली. शुगर कशाने? पोटाच्या चरबीने. ती कशाने? खाण्याने आणि बैठ्या कामाने. आणि ते कशाने? येथे बहुतेक डॉक्टर थांबतात. मार्मट थांबले नाहीत.

त्यांनी १९८५ साली दुसरी पाहणी सुरू केली. या वेळी लंडनमधील २० खात्यांतले १०,३०८ नोकर घेतले, आणि पहिल्या वेळी वगळलेल्या स्त्रियाही घेतल्या. जवळजवळ एक तृतीयांश स्त्रियाच होत्या. रक्त, वजन, रक्तदाब तर मोजलेच, पण प्रश्नही विचारले. तुमचे काम कसे करायचे हे तुम्ही ठरवता का? कामाचा वेग तुमच्या हातात आहे का? वरिष्ठ तुमचे ऐकून घेतात का? तुमच्यावर विनाकारण ठपका येतो का?

उत्तरांचा आणि पुढच्या आजारांचा मेळ घातला तेव्हा दिसले की ज्यांच्या हातात आपल्या कामाचा ताबा नाही त्यांना हृदयविकार जास्त होतो. जबाबदारी माणसाला मारत नाही. जबाबदारी असून अधिकार नसणे मारते. कचेरीत काम केलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. घंटी वाजली की उठायचे, का ते विचारायचे नाही. फाईल साहेबाने दाबून ठेवायची आणि मेमो आपल्या नावावर यायचा. रजेचा अर्ज पंधरा दिवस टेबलावर पडून राहायचा आणि घरी बहिणीच्या लग्नाची तारीख धरलेली. २००५ साली याच पाहणीतून आणखी एक निष्कर्ष आला. ज्या पुरुषांना आपल्या कचेरीत न्यायाने वागवले जाते असे वाटत होते, त्यांना हृदयविकार होण्याचे प्रमाण इतरांच्या मानाने सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. न्याय हा शब्द आपण सभेत वापरतो, मोर्चात वापरतो. तो हृदयविकाराच्या कोष्टकात पाहून आम्ही ते पान दोनदा वाचले.

हे शरीरात कसे घडते तेही थोडक्यात सांगतो. संकट समोर आले की शरीर कॉर्टिसॉलसारखी द्रव्ये सोडते, रक्तात साखर उतरते, हृदय जोरात चालते. पळायचे किंवा लढायचे असेल तर ही सोय उत्तम. पण ज्याला पळताही येत नाही आणि उलट बोलताही येत नाही, त्याच्या अंगात ही तयारी रोज सकाळी होते आणि संध्याकाळपर्यंत उतरत नाही. वर्षानुवर्षे असे चालले की पोटाभोवती चरबी जमते, साखर रक्तात राहू लागते, रक्तदाब चढाच राहतो. याच नोकरांना चौदा वर्षे तपासल्यावर २००६ साली असे प्रसिद्ध झाले की ज्यांनी कामाचा ताण पुन्हा पुन्हा सोसला, त्यांच्यात पोट, साखर, चरबी आणि रक्तदाब हे सर्व एकदम बिघडण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक होते.

आपल्या उपखंडातल्या माणसांबाबत तर जास्तच सावध राहावे लागेल. पश्चिम लंडनच्या साउथॉल भागात पंजाबी वस्ती मोठी आहे. मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली तेथील पाहणी प्रसिद्ध केली. आपल्या भागातून गेलेल्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण गोऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाले, आणि त्याचे नाते एकूण वजनापेक्षा पोटाच्या घेराशी दिसले. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे पुढे, अशी माणसे आपल्याही घरोघर आहेत. त्यांना आपण 'तब्येतीने बारीक' म्हणून सोडून देतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आय.सी.एम.आर.च्या देशव्यापी पाहणीने भारतातल्या मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाखांवर नेऊन ठेवली आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. व्हाइटहॉलचा जिना वाचताना आपल्या वाचकाला एकच शब्द आठवेल, आणि तो बाबासाहेबांचा आहे. श्रेणीबद्ध विषमता. बाबासाहेबांनी सांगितले की जातिव्यवस्था ही नुसती वरचे आणि खालचे अशी दोन थरांची विषमता नाही, ती पायऱ्यापायऱ्यांची आहे. प्रत्येकाच्या वर कोणीतरी आहे आणि बहुतेकांच्या खाली कोणीतरी आहे, म्हणूनच ती मोडायला कठीण. मार्मट यांनी जातीचा अभ्यास केलेला नव्हता. त्यांनी एका गोऱ्या कचेरीतला जिना मोजला. पण पायरीगणिक माणसाचे आयुष्य कमी होते हे त्यांनी आकड्यांत दाखवले, आणि ज्या देशात जिना जन्मानेच ठरतो त्या देशाने हे आकडे सर्वात आधी वाचायला हवे होते.

व्हाइटहॉलचा शिपाई संध्याकाळी घरी गेला की शिपाई राहत नसे. शेजारी त्याला नावाने हाक मारी, बाजारात तो गिऱ्हाईक असे. आपली पायरी आपल्यासोबत घरी येते. खोली भाड्याने घेताना आडनाव विचारले जाते, गावाच्या पाणवठ्यावर, मुलाच्या वर्गात, ती येतेच. आणि दुसरा फरक असा की व्हाइटहॉलच्या पाहणीत सगळे पटावरचे कायम नोकर होते. आपल्याकडे ठेक्यावर कचरा उचलणारा आणि गटारात उतरणारा माणूस मस्टरवरच नसतो. तळाच्या पायरीचाही जो तळ आहे, तो मोजायला व्हाइटहॉलमध्ये रकानाच नव्हता.

आपल्याकडची मोजणी झालेली नाही असे नाही. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश वगैरे नऊ राज्यांतल्या सुमारे दोन कोटी लोकांच्या सरकारी पाहणीवरून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत दलितांचे आयुर्मान तीन वर्षांहून अधिक, आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आढळले. घरची संपत्ती हिशेबात घेतली तरी या फरकाचा निम्म्याहून कमी भागच उलगडतो. म्हणजे पैसा सारखा असला तरी जात आयुष्य खाते. व्हाइटहॉलमध्ये सिगारेटचा हिशेब जसा अर्ध्यावर थांबला, तसाच येथे गरिबीचा थांबला. आणि २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेने भारतातल्या दलित स्त्रियांच्या मृत्यूचे सरासरी वय ३९.५ वर्षे आणि सवर्ण स्त्रियांचे ५४.१ वर्षे असे दिले. साडेचौदा वर्षांचे अंतर! ज्या माउलीला घरी नवरा, कामावर मुकादम आणि गावात सारे गाव हुकूम सोडते, तिच्या हातात कशाचा ताबा आहे?

या नजरेने पाहिले की बाबासाहेबांचे मजूरमंत्री म्हणून केलेले काम वेगळेच दिसू लागते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिरजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईच्या पोटातल्या मुलाची उंची आणि पुढचा हृदयविकार यांचे नाते व्हाइटहॉलमध्ये दिसायला अजून कित्येक दशके होती. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. आठ तासांचा दिवस त्यांनी मजूर परिषदेपुढे आणला, आणि १९४६ साली कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. त्यांच्याच कारकिर्दीत प्रा. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला. त्यातून १९४८ साली राज्य विमा योजनेचा कायदा झाला. हे सारे आपण 'कामगार चळवळ' या सदरात टाकतो. आम्ही म्हणतो, ते सार्वजनिक आरोग्याचे काम होते. बाबासाहेब स्वतः मधुमेह आणि मज्जातंतूंच्या दुखण्याने जर्जर होते, हे तर घरोघर ठाऊक आहे. तरीही आपल्या घरांत शुगरला लाजिरवाणी गोष्ट समजून लपवतात, याचे नवल वाटते.

मार्मट पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचे अध्यक्ष झाले. २००५ ते २००८ चाललेल्या या आयोगात आपल्याकडचे अमर्त्य सेन आणि अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेच्या मिराई चटर्जी हेही सदस्य होते. शिक्षण, घर, पाणी, रोजगार आणि सत्तेतला वाटा यांच्या असमान वाटपातूनच आजारांचे असमान वाटप होते, असे त्या अहवालाने जगातल्या सरकारांना सांगितले. मग २०१० साली इंग्लंडच्या सरकारसाठी त्यांनी स्वतंत्र अहवाल लिहिला. त्यात दिसले की अत्यंत गरीब वस्त्यांतला माणूस श्रीमंत वस्तीतल्या माणसापेक्षा सरासरी सात वर्षे आधी मरतो, आणि धडधाकट आयुष्य तर सतरा वर्षे कमी जगतो. दहा वर्षांनी, २०२० साली, त्यांनी पुन्हा हिशेब मांडला. सरकारने मधल्या काळात खर्चाला कात्री लावली होती. इंग्लंडचे आयुर्मान वाढायचे जवळजवळ थांबले होते, आणि सर्वात गरीब भागांतल्या स्त्रियांचे तर घटले होते. सर किताब मिळालेल्या माणसाने आपल्याच सरकारला हे तोंडावर सांगावे, याचे आम्हाला कौतुक वाटते.

कोणी विचारील, जिना मोडेपर्यंत आम्ही काय करायचे? गोळी घ्यायची. रक्तदाबाची गोळी बरे वाटले म्हणून सोडायची नसते. बरे वाटते ते गोळीमुळेच. तीस वर्षांवरील प्रत्येकाची शुगर आणि बी.पी. सरकारी आरोग्य केंद्रात तपासून मिळते, पैसे पडत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजना शस्त्रक्रियेला आणि दवाखान्यात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. महिन्याच्या गोळ्या तिच्यातून येत नाहीत. त्या आरोग्य केंद्रातूनच मागून घ्याव्या लागतात, आणि संपल्या असे उत्तर मिळाले तर पुन्हा जावे लागते. महिला मंडळाने विहारात रक्तदाबाचे यंत्र ठेवले आणि रविवारच्या वंदनेनंतर वहीत आकडा लिहिला, तर खर्च फारसा नाही. त्या वहीत नावापुढे एक रकाना कामाचाही ठेवावा: कोण कायम, कोण ठेक्यावर, कोण घरकाम करते. दोन वर्षांत आपल्या वस्तीचाच जिना आपल्याला दिसेल.

आणि जे ठेक्यावर आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट. राज्य विमा योजना जेथे लागू आहे तेथे ठेक्याच्या कामगारालाही ती लागू होते, आणि ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर ते भरण्याची जबाबदारी मुख्य मालकावर येते. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते का ते पाहा. कपात होत असेल आणि विमा क्रमांक हातात नसेल, तर तो लेखी अर्ज करून मागा. अर्जाच्या दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या, तारखेसह.